तलावाला पाळ एकच असते

(पूर्व विदर्भातल्या एका गावात २ फेब्रुवारीला, जागतिक पाणथळ दिनी, ग्रामस्थांपुढे झालेलं हे भाषण. थोडं संपादित केलं आहे.)

सरपंचताई, आणि मंडळी, मघाशी माझी ओळख करून देताना कुणीतरी 'पक्षीमित्र' म्हणालं आणि मागं बसलेल्या ढिवर, म्हणजे मासेमार, बांधवांनी एकमेकांकडे पाहिलं. पक्षीमित्र आला म्हणजे जाळं बंद, म्हशी बंद, पोरांचं पोहणं बंद. तुमची शंका रास्त आहे. पण मी बोलणार आहे तो तुमच्या तलावाच्या सौंदर्यीकरणाच्या आराखड्याबद्दल. काल तो मी ग्रामपंचायतीत बसून पाहिला. चारही बाजूंनी दगडी पिचिंग, म्हणजे काठावर दगडांचं अस्तर, त्यावर फिरायचा ट्रॅक, ट्रॅकला एलईडीचे खांब, मधोमध कारंजं आणि पायडलच्या बोटी.

चारही बाजूंनी! मामा तलावाला, म्हणजे माजी मालगुजारी तलावाला, चार बाजू असतात कुठे?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मिळून असे सहा-सात हजार मालगुजारी तलाव आहेत; मालगुजार म्हणजे सारा गोळा करणारे गावचे जमीनदार. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी ते बांधत आणले. जमिनीचा उतार बघायचा, पाणी जिथे जमेल तिथे मातीची एक पाळ घालायची, बस्स. पाळीपाशी पाणी खोल. तिकडेच घाट, तिकडेच देऊळ, विसर्जन, धुणी, म्हशी. समोरच्या अंगाला पाणी पातळ होत होत गुडघाभर, मग घोट्याएवढं, आणि शेवटी कुणाच्या तरी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, किंवा जंगलात विरून जातं. तो काठ कुणी बांधलेला नाही. तो दर महिन्याला हलतो. पावसाळ्यात वर चढतो, रब्बीला पाणी सोडलं की खाली उतरतो आणि मागं ओला चिखल ठेवतो.

तुमच्या तलावातली बहुतेक पाखरं त्या हलत्या काठावर जगतात. देवधान, म्हणजे रानभात, तिथेच उगवतं, कमळं तिथे, हायड्रिलाचं पाणगवत तिथे. कमळपक्षी पानावरून चालतो तो तिथे, जांभळी पाणकोंबडी घरटं करते ती तिथल्या गवतात. चिखल उघडा पडला की तुतारी पाखरं उतरतात. खोल पाण्यात यातल्या कुणाचंच पोट भरत नाही. आणि गावातल्या पोरांना चालायला, आंघोळीला, मासे उतरवायला तो उथळ काठ काय कामाचा? चिखलात पाय रुततो. म्हणजे वाटणी आधीच झालेली आहे. पाळ तुमची, उथळ त्यांचं. ती बांधणाऱ्यांनी पाखरांसाठी केली नसेल, पण झाली खरी. आराखड्यानं ती मोडायची ठरवली आहे. उथळाला पिचिंग केलं की तलावाचं पोट शिवून टाकल्यासारखं होतं.

पुढचं जरा सावकाश सांगतो, कारण 'सार्वजनिक प्रवेश' हा शब्द आराखड्यात सारखा येतो. तुमचा प्रवेश काही आज सुरू होत नाहीये. मालगुजारी गेल्यावर, पन्नासच्या दशकात, गावाचे हक्क निस्तार पत्रकात लिहिले गेले. निस्तार म्हणजे पाणी, चराई, लाकूडफाटा यांचे गावाचे वहिवाटीचे हक्क, हे मी तुम्हाला काय सांगणार! त्या कागदात पाखरांची नोंद मात्र नाही. आणि दुसरीकडे, २०१७च्या पाणथळ नियमांनी सिंचनासाठी बांधलेल्या तलावांना व्याख्येतूनच वगळलं आहे. म्हणजे तुमच्या तलावावर कितीही बदकं उतरली तरी त्या नियमांच्या लेखी ती पाणथळ नाही. त्यामुळे जे काही ठरायचं ते तुमच्या ग्रामसभेत आणि तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्या खात्याकडे ठरणार. मुंबईहून कुणी वाचवायला येणार नाही.

आता म्हशी. राजस्थानात भरतपूरला १९८२मध्ये राष्ट्रीय उद्यानात चराई बंद केली. गावकरी चिडले, गोळीबार झाला, माणसं गेली. आणि पुढं काय झालं? म्हशी चरायच्या ते गवत इतकं माजलं की उघडं पाणी झाकलं, आणि बदकांना उतरायला जागा कमी पडली. अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर हे बीएनएचएसच्याच, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच, शास्त्रज्ञांनी सांगितलं. म्हणून म्हशीला तलावातून हाकला असं मी म्हणणार नाही. हाकलायचंच असेल तर काठावर माजलेल्या बेशरमाच्या झुडपाला हाकला. मुळासकट उपटा, नुसती छाटली तर दुप्पट फुटते, उगाच तसलं नाव पडलं नाही तिचं.

ढिवर बांधवांशीही थोडं वाकडं बोलतो. गवत खायला ग्रासकार्प सोडायचं घाटतं आहे असं ऐकलं. तो गवत खाईल, पण पाणवनस्पतीच्या आडोशानं वाढणारे तुमचे मरळ, शिंगी कुठे जातील? पाणकावळे बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, खातात ही तुमची तक्रार खरी आहे; त्यासाठी बोटुकली जरा मोठी करून सोडता येतात. फटाके वाजवले की मात्र पाणकावळ्याबरोबर सगळंच उडतं.

बोटींबद्दल. हिवाळ्यात अडई बदकांचा थवा दिवसभर मधल्या पाण्यात नुसता बसलेला दिसतो ना? ती रात्रपाळीची मंडळी आहेत. रात्री बांध्यांमध्ये चरतात, दिवसा झोपतात. भरदुपारी मधोमध पायडल मारत गेलं तर त्यांची झोप मोडते, आणि काठाचे खांब रात्रभर पेटले तर चरायची जागा उजळून निघते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बोटी बंद, आणि खांब लावायचेच तर पाळीवरच, बुटके, दिवा खाली तोंड केलेला. यात निधी वाचतोच.

आमच्या जातीचंही सांगून टाकतो, म्हणजे कॅमेरेवाल्यांचं. म्हैस जवळून गेली तर बगळा मान वर करत नाही. जाळं टाकणारा रोजचाच असतो. पण लांब नळकांडं घेऊन थेट पाखराच्या रोखानं चालणारा माणूस दिसला की सगळा काठ रिकामा होतो. सारसाच्या घरट्यापाशी तर हे अक्षम्य आहे. महाराष्ट्रात सारस उरलेत ते जवळपास याच पट्ट्यात, तेही मोजके. पावसाळ्यात तुमच्याच धानाच्या बांधीत तो घरटं करतो, बहुधा दोन अंडी, महिनाभर उबवतो. शेतकरी तेवढा कोपरा धानाच्या रोवणीत, म्हणजे लावणीत, सोडून देतो. अशा शेताचा पत्ता फोटोखाली टाकणाऱ्याला तुम्ही खुशाल गावाबाहेर काढा, मी तुमच्या बाजूनं उभा राहीन.

एक चिठ्ठी आली आहे: 'मग म्हाताऱ्या माणसांनी बसायचं कुठे?' पाळीवर, चिंचेखाली. तीन बाकं पुरे. काल संध्याकाळी मी तिथेच बसलो होतो. समोरच्या उथळात हळदीकुंकू बदकांची जोडी दिसत होती, आणि एक आजोबा मला विचारत होते की ही बदकं कुणाची पाळलेली. उद्या सकाळी साडेसहाला तिथेच या. दुर्बिणी दोनच आहेत, आधी मुलांना देऊ.