तेहरानमधला एक बुधवार

१९ ऑगस्ट १९५३. बुधवार होता. सकाळी तेहरानच्या बाजाराकडून माणसांचे घोळके निघाले. पुढे झूरखान्यांतले, म्हणजे तालमींतले पहिलवान. त्यांच्या मागे पैसे देऊन आणलेली माणसं, आणि त्यांच्याही मागे कुणी न बोलावता आलेली माणसं. सगळ्यांच्या तोंडी शाहचा, म्हणजे इराणच्या राजाचा, जयजयकार. दुपारपर्यंत लष्कराचे ट्रक आणि रणगाडे त्यांत मिसळले. संध्याकाळी पंतप्रधान मोहम्मद मोसादेघ यांच्या घरावर गोळे पडत होते आणि सत्तरीचे पंतप्रधान भिंत ओलांडून शेजारच्या आवारात निसटले होते. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच हवाली झाले.

परकी हस्तक्षेप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सीमा ओलांडणाऱ्या फौजा येतात. १९५६चं बुडापेस्ट, १९६८चं प्राग, १९७९चं काबूल. तिथे सोव्हिएत फौजा आल्या होत्या, यावर वाद होत नाही. तेहरानमध्ये त्या दिवशी रणगाडा चालवणारा इराणी, घोषणा देणारा इराणी, आणि ज्याच्या घरावर गोळे पडले तोही इराणी. परका माणूस रस्त्यावर दिसलाच नाही. म्हणून मला आज त्या बुधवारबद्दल बोलायचं आहे.

इराणने उघडं आक्रमणही पाहिलं होतं. २५ ऑगस्ट १९४१ला उत्तरेकडून सोव्हिएत आणि दक्षिणेकडून ब्रिटिश फौजा एकाच वेळी शिरल्या. रशियाला रसद पोहोचवायला त्यांना इराणची रेल्वे हवी होती, तेल हवं होतं, आणि रझा शाहची जर्मनांशी असलेली जवळीक नको होती. तीन आठवडे झाले असतील नसतील, रझा शाहला गादी सोडावी लागली. त्यांना आधी मॉरिशसला नेलं, मग जोहान्सबर्गला. तिथेच १९४४मध्ये ते गेले. गादीवर बसला एकवीस वर्षांचा मुलगा, मोहम्मद रझा. ज्यांनी बापाला घालवलं त्यांच्याच संमतीने आपण इथे आहोत, हे तो मुलगा कधी विसरला असेल असं मला वाटत नाही. पुढे १९५३मध्ये तो इतका का कचरत होता, हे समजून घ्यायला ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता तेल. १९०१च्या करारात इराणच्या वाट्याला निव्वळ नफ्याचे १६ टक्के आले होते. १९१४मध्ये ब्रिटिश सरकारनेच इराणचं तेल काढणाऱ्या ब्रिटिश कंपनीत बहुमताचा हिस्सा घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत परिस्थिती अशी होती, की कंपनी इराणला जेवढी रॉयल्टी देई त्याहून जास्त कर ब्रिटिश तिजोरीत भरत असे. अबादानची रिफायनरी तेव्हा जगातली सर्वांत मोठी; तिच्या सावलीत इराणी कामगार खोपटांत राहत. डिसेंबर १९५०मध्ये शेजारच्या सौदी अरेबियाला अमेरिकन कंपन्यांनी निम्मा नफा देऊ केला, तरी लंडनचा पीळ सुटायला वेळ लागला. तोवर फार उशीर झाला होता. मार्च १९५१मध्ये मजलिसने, म्हणजे इराणच्या संसदेने, तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि पुढच्याच महिन्यात मोसादेघ पंतप्रधान झाले.

हा माणूस मोठा विलक्षण. काजार राजघराण्याशी नातं, स्वित्झर्लंडमध्ये कायद्याची डॉक्टरेट, आणि कारभार चाले तो पलंगावरून, पायजम्यात. परदेशी राजदूत भेटायला येत तेही त्या पलंगाशेजारी बसत. भाषण करताना रडत, कधी भोवळ येऊन पडत. पाश्चात्त्य वर्तमानपत्रांना ही नुसती चेष्टेची गोष्ट वाटे. पण हाच पायजमेवाला गृहस्थ हेगच्या न्यायालयात स्वतः उभा राहिला, आणि जुलै १९५२मध्ये त्या न्यायालयाने या खटल्यात आपल्याला अधिकारच नाही असा निकाल देऊन ब्रिटनला परत पाठवलं.

मोसादेघांची बाजू न्याय्य होती, असं मी मानतो. पण त्यांना देव्हाऱ्यात बसवायची माझी तयारी नाही. ब्रिटनने तेलाची नाकेबंदी केल्यावर तिजोरी आटली. सोबतचे एकेक जण दुरावले. आयातुल्ला काशानींसारखा धर्मगुरूही उलटला. आणि मग ऑगस्ट १९५३मध्ये मजलिस बरखास्त करण्यासाठी त्यांनी सार्वमत घेतलं. त्यात ‘हो’साठी एक मतदान केंद्र आणि ‘नाही’साठी दुसरं. जरा कल्पना करा: चौकात तुमच्या ओळखीचे लोक उभे आहेत आणि ‘नाही’च्या तंबूकडे तुम्हाला एकट्याने चालत जायचं आहे. ९९ टक्क्यांहून जास्त मतं ‘हो’ पडली यात नवल ते काय! कायद्याच्या डॉक्टरने हे करावं, याची मला आजही चुटपुट लागते.

परक्या हातांना फट हवी असते, ती अशी मिळाली. ऑक्टोबर १९५२मध्ये मोसादेघांनी ब्रिटिश वकिलात बंद केली होती, म्हणून लंडनने वॉशिंग्टनला गळ घातली. ट्रुमन तयार नव्हते. आयझेनहॉवर आले आणि कम्युनिस्टांच्या भीतीने ते तयार झाले. सीआयएचे कर्मिट रूझवेल्ट, म्हणजे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टांचे नातू, तेहरानमध्ये उतरले. कचरणाऱ्या शाहकडून मोसादेघांच्या बडतर्फीचं आणि त्यांच्या जागी जनरल झाहेदींच्या नेमणुकीचं अशी दोन फर्मानं मिळवली गेली. १५ ऑगस्टच्या रात्री कर्नल नसिरी फर्मान घेऊन मोसादेघांच्या दारात गेले, आणि तिथेच पकडले गेले. आत आधीच कुणकुण लागली होती! शाह स्वतः विमान घेऊन बगदादला पळाला, तिथून रोमला. बेत फसला होता. वॉशिंग्टनहून रूझवेल्टना गाशा गुंडाळायचा निरोपही गेला.

रूझवेल्ट तेहरानमध्येच थांबले. आणि चौथ्या दिवशी तो बुधवार उजाडला.

त्या गर्दीत किती माणसं डॉलरने आली आणि किती आपल्या पायांनी? इतिहासकार यावर अजून भांडतात. काही म्हणतात, सगळं परक्यांनी घडवलं. काही म्हणतात, खरं काम धर्मगुरूंनी, बाजाराने आणि नाराज अधिकाऱ्यांनी केलं. रूझवेल्टनी नंतर श्रेय लाटलं. माझं मत विचाराल तर दोन्ही खरं आहे, आणि ते वेगळं काढता येत नाही हाच या प्रकारच्या हस्तक्षेपाचा गाभा आहे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे आपण सहज म्हणतो. पण दांडा कुठे संपतो आणि पातं कुठे सुरू होतं, हे ज्याच्यावर घाव पडतो त्याला कसं कळणार? मग शंकेची पाल चुकचुकायला लागते, आणि ती थांबत नाही.

शाह परतला. १९५४मध्ये तेल नव्या गटाकडे गेलं: ४० टक्के ब्रिटिश कंपनीला, ४० टक्के अमेरिकन कंपन्यांना, उरलेलं शेल आणि एका फ्रेंच कंपनीला. १९५७मध्ये सावाक ही गुप्त पोलीस यंत्रणा उभी राहिली. पुढची पंचवीस वर्षं इराणमध्ये जे काही घडे, त्यामागे कुणाचा हात, हा प्रश्न आधी विचारला जाई.

ऑक्टोबर १९७९मध्ये, त्याच वर्षीच्या क्रांतीने पदच्युत झालेल्या, आजारी शाहला उपचारासाठी न्यूयॉर्कमध्ये येऊ दिलं, तेव्हा वॉशिंग्टनच्या दृष्टीने ती माणुसकी होती. तेहरानमधल्या विद्यार्थ्यांना मात्र १९५३ दिसलं: शाह बाहेर, वकिलात आत, आता पुन्हा तेच. ४ नोव्हेंबरला ते भिंतीवरून अमेरिकन वकिलातीत उतरले. ५२ माणसं ४४४ दिवस ओलीस राहिली. त्या कृत्याचं समर्थन मी करणार नाही. पण त्यांची भीती आभाळातून पडलेली नव्हती. सीआयएने आपला हात होता असं कागदोपत्री स्पष्ट कबूल केलं ते ऑगस्ट २०१३मध्ये, साठ वर्षांनी.

आणि मोसादेघ? तीन वर्षं कैद, मग अहमदाबाद गावातल्या आपल्याच घरात नजरकैद. ५ मार्च १९६७ला ते वारले. जुलै १९५२मध्ये त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरून मेलेल्या माणसांशेजारी आपल्याला पुरावं, अशी त्यांची इच्छा होती. शाहने नकार दिला. घरातल्या जेवणाच्या खोलीतच त्यांना पुरलं. क्रांतीनंतर, ५ मार्च १९७९ला, त्या गावात प्रचंड गर्दी लोटली आणि तेहरानच्या लांबलचक पहलवी रस्त्याला मोसादेघांचं नाव मिळालं. ते फार दिवस टिकलं नाही. नव्या राज्यकर्त्यांनाही हा निधर्मी म्हातारा गैरसोयीचा वाटला, आणि पाटी पुन्हा बदलली. आज त्या रस्त्याला वली-ए-अस्र म्हणतात.