मत देऊन झाल्यावर

मतदानाच्या दिवशी बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही तांड्यावर जा, मजूर माणसं सकाळपासून रांगेत दिसतील. आपल्या देशात गरीब माणूस मतदानात श्रीमंताच्या मागे राहत नाही. विषमतेची सल रांगेत कळत नाही, ती नंतर कळते.

राज्याच्या उत्पन्नाचा तक्ता कुणी पाहत नाही. माणूस स्वतःला ताडून बघतो तो बांधाशेजारच्याशी, भावकीतल्या नोकरदाराशी. म्हणूनच रस्त्यावर उतरणारा सगळ्यात गरीब असेलच असं नाही. 9 ऑगस्ट 2016 ला औरंगाबादेत पहिला मराठा मूक मोर्चा निघाला. 2023 मध्ये जालन्याच्या अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीत, मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं. यातल्या अनेकांच्या नावे सातबारा आहे. पण वाटण्या होत रान तुकड्यांवर आलं, पाणी बेभरवशाचं, पोराला पदवी मिळाली आणि नोकरी नाही. आपण खाली घसरतोय, ही भावना माणसाला घराबाहेर काढते. जून 2024 मध्ये त्याच अंबड तालुक्यात, वडीगोद्रीला, ओबीसींचं उपोषण झालं. तिथली भीती वेगळी: आरक्षणातला हाती आलेला वाटा जाईल.

भूमिहीन मात्र गप्प राहतो. त्याला अंतर दिसत नाही असं नाही, ते इतकं मोठं दिसतं की बोलून काही होईल असं वाटत नाही. त्यात ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, डोक्यावर. ज्याच्या रानात उद्या खुरपायला जायचं, त्याच्याविरुद्ध ग्रामसभेत आज कसं बोलणार?

शिवाय तो गावात असतो कुठे? दिवाळीच्या आसपास कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, टोळ्यांनी निघतात, परततात ते मार्च-एप्रिलात. 2019 ची विधानसभा 21 ऑक्टोबरला झाली, 2024 ची 20 नोव्हेंबरला, म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर. टपाली मत सैनिकाला आहे, ऊसतोड कामगाराला नाही. मतासाठी यायचं तर भाडं खिशातून, वर मजुरी बुडते.

26 जानेवारीच्या ग्रामसभेचंही तेच. गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यांतली कमी असेल ती. ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरजच नाही! मग मोजकी माणसं बसतात, घरकुलाची यादी मंजूर होते. कधी वही घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात. ज्याचं नाव गळालं, त्याला ते चैत्रात कळतं.

बागायतदाराला यातलं काहीच लागत नाही. त्याचं काम फोनवर होतं.

उपाय अवघड नाहीत. लाभार्थी निवडीचा विषय 1 मे किंवा 15 ऑगस्टच्या सभेत घ्यावा, तेव्हा टोळ्या गावात असतात. नोटीस फलकावर डकवून भागत नाही, दवंडी वस्तीवर, तांड्यावरही हवी. आधी होणाऱ्या महिला सभेचे ठराव मुख्य सभेत वाचायला लावावेत. यादी मोठ्याने वाचून झाल्याशिवाय वहीवर सही करू नये. आणि इतिवृत्ताची नक्कल लेखी अर्ज देऊन मागावी, अर्जाची पोच घेऊनच घरी यावं.