वायफाय असेल तरच

[दृश्य: टीव्हीखालचं लाकडी कपाट. सेट-टॉप बॉक्सच्या काचेवर सेलोटेपने चिकटवलेला एक काळा दिवा, करंगळीच्या नखाएवढा. मागे वायरींचा गुंता.]

निवेदन:

हा दिवा पेटलेला नुसत्या डोळ्यांना कळत नाही. मोबाइलचा कॅमेरा समोर धरला, की जांभळट लुकलुक दिसते. रिमोटच्या टोकाला असतो तोच हा दिवा, फक्त वायरीच्या टोकाला आणून लावलेला. कुणीतरी दूर कुठेतरी कॉम्प्युटरवर चॅनेलचा आकडा दाबतं, इथे हा दिवा लुकलुकतो, आणि सेट-टॉप बॉक्सला वाटतं, घरातल्याच कुणीतरी रिमोट दाबला.

माझ्या मावशीकडे, डोंबिवलीत, असा दिवा होता. धाकटा मावसभाऊ कॅलिफोर्नियाला गेला आणि पहिल्या सुट्टीत येताना हे यंत्र घेऊन आला. रात्री साडेआठला काका बातम्या बघत बसलेले असायचे आणि मध्येच चॅनेल बदलायचं. मावशी स्वयंपाकघरातून विचारायची, "अहो, तुम्ही बदललंत का?" काका रिमोट खाली ठेवत म्हणायचे, "नाही गं. धाकटा उठलाय वाटतं तिकडे." मग दोघंही तो लावेल ते बघत बसायचे. चित्र त्याच्यापर्यंत जाईस्तोवर पार धुरकट व्हायचं, कारण घरच्या ब्रॉडबँडचा वरच्या दिशेचा वेग अगदीच बेताचा होता. पण तिकडे तो बघतोय आणि इकडे हे बघतायत, चित्र एकच. मावशीला त्याचं फार होतं.

[दृश्य: यंत्राचं क्लोजअप. चंदेरी, विटेसारखा आकार. मागच्या बाजूला लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिना.]

घरच्या टीव्हीचं चित्र इंटरनेटवरून दूरच्या पडद्यावर पाठवणाऱ्या या यंत्राचं नाव स्लिंगबॉक्स. ते बनवणारे ब्लेक आणि जेसन क्रिकोरियन हे भाऊ बेसबॉलवेडे, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचे भक्त. घरी केबलचे पैसे दरमहा भरायचे, आणि कामासाठी गावाबाहेर गेलं की स्वतःच्याच टीमची मॅच दिसायची नाही. पैसे भरलेलं चॅनेल मी जिथे असेन तिथे का दिसू नये, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यातून २००४ साली कॅलिफोर्नियात स्लिंग मीडिया ही कंपनी उभी राहिली. भूपेन शाह तिचे सहसंस्थापक. २००५ मध्ये पहिला स्लिंगबॉक्स २५० डॉलरला बाजारात आला. दरमहा वेगळं भाडं नाही. २००७ मध्ये उपग्रह टीव्हीच्या धंद्यातल्या एकोस्टारने ही कंपनी ३८ कोटी डॉलरना विकत घेतली.

कार्यक्रम टेप करून नंतर बघायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच मान्यता दिली होती, सोनीच्या बेटामॅक्स खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी. तिथे वेळ बदलली होती. स्लिंगबॉक्सने जागा बदलली.

कॉम्प्युटरवर हे सगळं सुरळीत चाललं. अडलं ते खिशातल्या फोनवर.

[दृश्य: रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाच्या हातातला फोन. वरच्या कोपऱ्यातली वायफायची खूण जाते, तिथे थ्रीजी येतं. चित्र थांबतं.]

२००९ सालची अमेरिका. आयफोन घ्यायचा तर मोबाइल कंपनी एकच, एटी अँड टी. फोनमध्ये ॲप टाकायचं तर दुकानही एकच, ॲपलचं ॲप स्टोअर. त्याआधी विंडोज मोबाइलच्या फोनवर लोक कंपनीच्या वेबसाइटवरून सरळ प्रोग्रॅम उतरवून घ्यायचे. स्लिंगचा प्लेअर त्या फोनांवर, त्याच एटी अँड टीच्या थ्रीजीवर चालत होता. आयफोनला मात्र आडवाटच नव्हती.

मार्चमध्ये स्लिंगने ॲप तपासणीला दिलं. एप्रिलच्या सुरुवातीला एटी अँड टीच्या ग्राहकांसाठीच्या अटींमध्ये एक नवं वाक्य उमटलं, घरातल्या टीव्हीचा सिग्नल मोबाइलकडे वळवायला मनाई करणारं. ओरड झाली, वाक्य मागे घेतलं गेलं. मे महिन्यात ॲप मंजूर झालं. किंमत ३० डॉलरला एक सेंट कमी, आणि एक मोठी अट: चालेल ते फक्त वायफायवर.

एटी अँड टीने कारण उघड सांगितलं. हे ॲप नेटवर्कची फार मोठी क्षमता खाईल, गर्दी होईल, इतर ग्राहकांची अडचण होईल. शिवाय टीव्हीचा सिग्नल पर्सनल कॉम्प्युटरकडे वळवणारी ॲप्स आमच्या अटींमध्ये बसत नाहीत. आणि आयफोनसारख्या स्मार्टफोनला आम्ही पर्सनल कॉम्प्युटरच मानतो.

गर्दीची गोष्ट खोटी नव्हती, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. छपरावरच्या अँटेनाला टीव्ही पोहोचतो तेव्हा एकाच प्रसारणातून लाखो घरं बघतात. बघणारा एक वाढला म्हणून प्रसारणावर भार पडत नाही. मोबाइल डेटाचं तसं नसतं. एका टॉवरखाली शंभर जण तीच मॅच बघत असले, तरी टॉवर शंभर वेगळे प्रवाह पाठवतो. आणि टॉवरची हवा तर सगळ्यांत वाटलेली. चाळीत एका टाकीवर वीस नळ असावेत आणि तिघांनी सकाळी सातला मोटर लावावी, तसं. न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोत त्या काळात एटी अँड टीचे कॉल मधेच तुटत होते. त्याच मार्चमध्ये ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात आयफोनवाले एका जागी जमले आणि नेटवर्क गुदमरलं होतं. इंजिनिअरांची काळजी खरी होती.

पण मग नियम पाण्याचा असायला हवा होता. कुणी किती उपसलं याचा. प्रत्यक्षात तो होता बादली कुणाची याचा.

यूट्यूब आयफोनवर पहिल्या दिवसापासून होतं आणि मोबाइल नेटवर्कवर चालत होतं. जून २००९ मध्ये अमेरिकेच्या बेसबॉल लीगच्या स्वतःच्या ॲपमधून निवडक मॅचेस थेट दिसू लागल्या, थ्रीजीवरही. त्याच फोनवर, त्याच टॉवरवरून. मॅच दिसावी म्हणून ज्यांनी यंत्र बनवलं, त्यांचं ॲप वायफायपाशी थांबलेलं, आणि लीगचं ॲप रस्त्यात, बसमध्ये, स्टेशनावर चालतंय. टॉवरला चित्र कुणाचं हे कळत नाही. कळतं फक्त वजन. म्हणजे निवड टॉवरने केलेली नव्हती.

[दृश्य: एक छोटा घडीचा फोन, वर ओढलेली बारीक अँटेना. पडद्यावर बातम्या.]

आणखी एक गोष्ट तेव्हाच्या चर्चेत मागे पडली. मे २००८ पासून एटी अँड टी स्वतः मोबाइलवर टीव्ही विकत होती. महिना १५ डॉलर, ठरावीक हँडसेट, ठरावीक मोजकी चॅनेल्स. तंत्र होतं मोबाइलच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉमचं, नाव मीडियाफ्लो. त्यासाठी वेगळी लहर, वेगळे ट्रान्समीटर, खऱ्याखुऱ्या प्रसारणासारखं. त्यामुळे डेटाच्या नेटवर्कवर त्याचा भार नव्हता. तांत्रिकदृष्ट्या व्यवस्था सुंदर होती. पण ज्या दुकानात टीव्ही विकायला ठेवलाय, त्याच दुकानदाराने गिऱ्हाइकाला सांगायचं की तुमचा घरचा टीव्ही इथे आणू नका, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. गिऱ्हाइकाने केबलचे पैसे भरलेत, यंत्राचे भरलेत, ॲपचे भरलेत आणि महिना ३० डॉलर अमर्याद डेटाचेही भरलेत. एकाच चित्रासाठी चार ठिकाणी.

उन्हाळ्यात प्रकरण सरकारदरबारी गेलं, पण वेगळ्याच दारातून. ॲपलने गुगलच्या फोनसेवेचं, गुगल व्हॉइसचं, ॲप अडवलं. ३१ जुलैला तिथल्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, ॲपल, एटी अँड टी आणि गुगल या तिघांना पत्रं धाडली. २१ ऑगस्टला उत्तरं आली.

ॲपलचं उत्तर वाचण्यासारखं आहे. आठवड्याला सुमारे ८५०० नवी ॲप्स आणि सुधारित आवृत्त्या येतात, तपासायला चाळीसहून जास्त माणसं आहेत, प्रत्येक ॲप किमान दोघे तपासतात. आणि मग ती कबुली: एटी अँड टीच्या परवानगीशिवाय तिच्या नेटवर्कवर इंटरनेटवरून फोन लावू देणारी सोय आयफोनमध्ये ठेवायची नाही, असं आमच्या करारात कलम आहे. त्याशिवाय ग्राहकांसाठीच्या तिच्या अटीही आम्ही पाळतो. उदाहरणार्थ, टीव्हीचा सिग्नल आयफोनकडे वळवायला मनाई.

उदाहरण म्हणून नेमकं हेच दिलं होतं. ग्राहक आणि मोबाइल कंपनी यांच्यातली अट दुकानाच्या उंबऱ्यावर ॲपल राबवत होतं. अट मोडणाऱ्या ग्राहकाला दंड, तंबी, काहीही नाही. ॲप मुळात त्या रूपात हातातच येणार नाही. स्लिंगसारख्या छोट्या कंपनीने वर्षभर खपून काही बांधावं आणि ते चालेल की नाही हे दोन मोठ्या कंपन्यांच्या कागदावरून ठरावं, यातला अन्याय मला आकड्यांपेक्षा जास्त टोचतो.

[दृश्य: कॅलेंडरची पानं नकोत. सरळ काळा पडदा, त्यावर तारीख: ४ फेब्रुवारी २०१०.]

या दिवशी एटी अँड टीने जाहीर केलं की स्लिंगप्लेअर आता थ्रीजीवर चालेल. डिसेंबरपासून चाचणी घेत होतो, ॲप नेटवर्कला जपून वापरतंय, असं कंपनीचं म्हणणं. आठ-नऊ महिन्यांत जगातले टॉवर दुप्पट झाले नव्हते. मधल्या काळात फक्त सरकारी पत्रं आली होती, आणि ऑक्टोबरमध्ये एटी अँड टीने इंटरनेट कॉलिंगलाही थ्रीजीवर मोकळीक दिली होती.

चार महिनेच गेले. ७ जून २०१० पासून नव्या ग्राहकांसाठी अमर्याद डेटा बंद झाला. १५ डॉलरला २०० एमबी, २५ डॉलरला दोन जीबी. जरा हिशेब मांडू. सेकंदाला ४०० किलोबिटचा प्रवाह धरला, छोट्या पडद्यावर बरं दिसेल इतपत, तर तासाला १८० एमबी होतात. म्हणजे महिन्याला एक तास टीव्ही, आणि मग ईमेलपुरते २० एमबी. दार उघडलं, पण मीटर बसला. तरीही मी म्हणेन की मीटर परवडला. तो महाग होता, पण सगळ्यांना सारखा होता.

डिसेंबर २०१० मध्ये एफसीसीने खुल्या इंटरनेटचे नियम केले. मोबाइलसाठी ते सैल ठेवले. ॲप्सच्या बाबतीत बंधन एकच: कंपनीच्या स्वतःच्या फोन किंवा व्हिडिओ कॉलिंगशी स्पर्धा करणारी ॲप्स अडवायची नाहीत, एवढंच. टीव्हीची ॲप्स त्यात धरलीच नव्हती. ॲप स्टोअरही बाहेर.

आणि मीडियाफ्लो? मार्च २०११ मध्ये बंद पडलं. ती मोकळी झालेली लहर क्वालकॉमने विकली १९२.५ कोटी डॉलरना. घेणारी कंपनी, एटी अँड टी. टीव्हीसाठी राखलेली हवा डेटासाठी गेली.

[दृश्य: दोन पडदे शेजारी शेजारी. एकीकडे डायरेक्टटीव्ही नाऊची जाहिरात, दुसरीकडे दिल्लीतलं ट्रायचं, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाचं, कार्यालय.]

२०१५ मध्ये एटी अँड टीने डायरेक्टटीव्ही ही टीव्ही कंपनी ४८५० कोटी डॉलरना विकत घेतली. ३० नोव्हेंबर २०१६ ला तिची इंटरनेटवरची टीव्ही सेवा, डायरेक्टटीव्ही नाऊ, सुरू झाली, शंभराहून जास्त चॅनेल्स. एटी अँड टीच्या मोबाइल ग्राहकांसाठी ती बघताना डेटा खर्ची पडणार नाही, अशी सवलत. इतरांचा टीव्ही बघितला तर मात्र पडेल. सात वर्षांपूर्वी थेट टीव्ही नेटवर्कला जड होता. आता तोच फुकट वाटला जात होता, कारण चित्र घरचं होतं. एफसीसीने हरकतीची पत्रं लिहिली, पण सरकार बदललं आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये चौकशी गुंडाळली गेली.

आपल्याकडे याच प्रश्नाचं उत्तर २०१६ च्या सुरुवातीलाच वेगळं निघालं होतं. ठरावीक ॲप्स आणि वेबसाइट डेटा न मोजता देऊ करणाऱ्या एअरटेल झिरो आणि फ्री बेसिक्स या योजनांवरून वाद पेटला होता, दहा लाखांहून जास्त लोकांनी ट्रायला ईमेल पाठवले होते. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने नियम काढला: डेटाचा दर त्यात काय बघता यावरून ठरवायचा नाही. मराठी मालिका असो, क्रिकेट असो, शेजारच्याच्या मुलीच्या लग्नाचं थेट प्रक्षेपण असो, एमबीला एमबीचाच दर. सप्टेंबरमध्ये जिओ आलं, आणि लोकल ट्रेनमध्ये थेट टीव्ही बघणं इतकं सवयीचं झालं की कधी काळी त्यासाठी परवानगी लागायची, हे आज कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सांगून पटत नाही.

[दृश्य: पुन्हा पहिलं कपाट. टीव्ही आता सपाट, भिंतीवर. कपाटात धूळ, वायरीचं टोक लोंबतंय.]

ब्लेक क्रिकोरियन २०१६ मध्ये गेले, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. ९ नोव्हेंबर २०२० ला स्लिंगबॉक्स बंद करत असल्याचं कंपनीने जाहीर केलं, आणि बरोबर दोन वर्षांनी सर्व्हर बंद झाले. घरातलं यंत्र धडधाकट, केबल चालू, इंटरनेट चालू, पण मधला सर्व्हर गेल्यावर ॲपला यंत्र सापडेना. या वेळी अडवणारी ना मोबाइल कंपनी होती, ना ॲप स्टोअर.

हौशी लोकांकडून मग एक पर्यायी प्रोग्रॅम लिहिला गेला, तो सगळ्यांना मोफत मिळाला, आणि काही जुनी मॉडेल्स त्यावर पुन्हा चालू झाली.

मावशीकडचं यंत्र अजून माळ्यावर आहे. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना काकांनी ते खाली काढलं, फडक्याने पुसलं, आणि वायरीच्या टोकाचा तो काळा दिवा माझ्या फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून म्हणाले, "बघ रे, लुकलुकतो का अजून?"