शंभरातले तीन

(परळ, सकाळ. टाटा हॉस्पिटलबाहेरचा फुटपाथ. हातात फायली, सीटी स्कॅनची मोठी पाकिटं.)

या गर्दीत लिम्फोमाचे, म्हणजे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या कॅन्सरचे, पेशंट किती असतील? जगाचा हिशोब धरला, तर शंभर नव्या कॅन्सररुग्णांमागे साधारण तीन. 2022 साली जगात अंदाजे 2 कोटी लोकांना कॅन्सर झाला. लिम्फोमाचे मुख्य प्रकार दोन. त्यातले साडेपाच लाख नॉन-हॉजकिन लिम्फोमाचे, तर हॉजकिन लिम्फोमाचे जेमतेम 82 हजार.

आकडा छोटा वाटतो. पण लिम्फोमा हा काही एकच आजार नव्हे.

(प्रयोगशाळा. मेणाच्या ठोकळ्यातून सुटणारी पातळ चकती काचेवर येते.)

मानेतून काढलेली ही गाठ. सीडी20 ची, म्हणजे ‘बी’ जातीच्या लिम्फोसाइटवरच्या एका प्रथिनाची, तपासणी केली आणि पेशींच्या कडा तपकिरी उमटल्या, की संशय बी-सेल लिम्फोमावर. नाही उमटल्या, तर शोध पुढे चालू.

टाटा हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजिस्टांनी अशा 2773 नॉन-हॉजकिन लिम्फोमांची वर्गवारी 2000 साली प्रसिद्ध केली. बी-सेल 79 टक्के, टी-सेल (लिम्फोसाइटची दुसरी जात) 16. सर्वाधिक, म्हणजे 34 टक्के, ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल’. हा झपाट्याने वाढतो, पण औषधांना दादही देतो. कित्येक जण पूर्ण बरे होतात. ‘फॉलिक्युलर’ मात्र संथ. काही पेशंटना तर डॉक्टर औषध न देता नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. अमेरिका-युरोपात नॉन-हॉजकिनच्या पाच रुग्णांत एक फॉलिक्युलरचा असतो. टाटाच्या यादीत तो आठात एक.

(बाह्यरुग्ण विभाग. विशीतला मुलगा, सोबत आई.)

हॉजकिन संख्येने कमी, पण गाठतो तो बरेचदा ऐन तारुण्यात. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक जण बरे होतात. घोडं अडतं ते ‘वेळेत’ या शब्दापाशी. मानेत गाठ, संध्याकाळचा ताप, रात्री घामाने भिजलेली उशी, उतरलेलं वजन. आपल्याकडे हे ऐकलं की कुणीही टीबीच म्हणेल, आणि बहुतेक वेळा तो टीबीच निघतो. म्हणून कधी बायोप्सीआधीच टीबीच्या गोळ्या सुरू होतात. गाठ हटत नाही, महिने मात्र जातात. नुसत्या सुईच्या तपासणीवरही प्रकार नेमका कळतोच असं नाही; शक्य असेल तर अख्खी गाठ काढून पाहिलेली बरी.

(बार्शी तालुका. गावातला पार.)

हॉस्पिटलची यादी म्हणजे तिथवर पोचलेल्यांची यादी. गावात किती, हे कळायला गावातच जावं लागतं. मुंबईत कॅन्सरची नोंदणी 1963 पासून आहे. ग्रामीण भागातली देशातली पहिली नोंदणी 1987 साली इथे, बार्शीत सुरू झाली. इथले कार्यकर्ते हॉस्पिटलचे कागद येण्याची वाट पाहत बसत नाहीत. गावोगाव फिरतात, लक्षणं समजावून सांगतात, आणि कुणाची गाठ संशयास्पद वाटली तर त्याला तपासणीला घेऊन येतात.