पाइप किती फूट?

श्रोतेहो, नमस्कार.

इंदूरहून उज्जैनला जाताना सांवेर लागतं. तिथल्या बाजारात आमचं शेती अवजारांचं दुकान आहे. आजोबांनी काढलं, वडिलांनी वाढवलं, आता मी बसतो. परवा माळ्यावरच्या जुन्या वह्या खाली काढल्या आणि दोन रात्री वाचत बसलो.

पहिल्या वह्यांत लोखंडी नांगर, वखराच्या पासा आणि थोडी डिझेल इंजिनं आहेत. आजोबा सांगलीकडचे. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, तिथल्या नांगराच्या गोष्टी ऐकत ते वाढले. लोखंडानं जमीन नासते, असा तेव्हा लोकांचा समज होता. म्हणून इकडे आल्यावरही आजोबा आधी गिऱ्हाइकाच्या रानात नांगरानं दोन ओळी काढून दाखवायचे आणि मगच नांगराचा भाव सांगायचे.

त्या काळी माळव्यातली बरीचशी काळी जमीन पावसाळ्यात पडीक असायची. मातीनं धरून ठेवलेल्या ओलीवर पुढे गहू-हरभरा यायचा. सत्तरच्या दशकात सोयाबीन पसरायला लागलं आणि रिकामा खरीप भरला. आमच्या दुकानाचं नशीब फिरलं ते इथे. पक्व सोयाबीन रानात राहिलं तर शेंगा तडकतात, दाणा मातीत जातो. काढायचं, मळायचं, की लगेच गव्हासाठी रान तयार करायचं. काळ्या जमिनीला वापसा, म्हणजे मशागतीजोगी बेताची ओल, येतो तो मोजक्या दिवसांचा. एवढी घाई बैलजोडीला झेपेना. वहीत थ्रेशर, कल्टिव्हेटर, पेरणी यंत्रं आली ती त्या घाईपायी. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढे ट्रॅक्टरला कर्ज मिळू लागलं. वडील सांगायचे, नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबत.

पण मला खिळवून ठेवलं ते पंपांच्या पानांनी. ‘डग-डग रोटी, पग-पग नीर’ अशी माळव्याची ख्याती. सुरुवातीला इंजिन विहिरीच्या काठावर बसायचं. वरून पाणी ओढणाऱ्या पंपाची ताकद २५ फुटांच्या आसपास संपते. पाणी त्याखाली गेलं, तसा पंप विहिरीच्या आत उतरवला, तिथल्या कट्ट्यावर बसवला. मग बोअर आले, पाण्यात बुडून चालणारे सबमर्सिबल आले. तेव्हापासून गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न आम्ही हाच विचारतो, ‘पाइप किती फूट?’ म्हणजे पाणी किती खोल. जुन्या वहीतले आकडे आणि आजचे शेजारी ठेवले की माझ्या पोटात खड्डा पडतो. हे पाइप मीच विकलेत, श्रोतेहो. म्हणून आता पाइप मागणाऱ्याला ठिबकचाही हिशेब मी कागदावर मांडून देतो. काही ऐकतात.

विक्रीपेक्षा आजोबांचा जीव मात्र सुट्या भागांत होता. हंगामात थ्रेशर बंद पडलं तर शेतकऱ्याचं वर्ष अडतं, म्हणून सोयाबीनच्या दिवसांत दुकान रात्रीही उघडं असायचं. तो रिवाज मी मोडलेला नाही. पिंजोरच्या एचएमटी ट्रॅक्टर कारखान्याला टाळं लावायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, पण आमच्या भागात ते ट्रॅक्टर अजून चालतात. मागच्या भिंतीला त्यांच्या सामानाचं एक लाकडी कपाट आहे. गेल्या आठवड्यात एक म्हातारे दाजी आले, ऑइल सील मागितलं. कपाटात दोन निघाले. एक त्यांना दिलं, दुसरं परत जपून ठेवलं.