आठ वर्षांनी पहिलं वेत

नमस्कार, श्रोतेहो. अस्वल म्हटलं की आपल्याला आठवतं ते मेळघाटातलं काळंकुळं, वारुळं उकरणारं, मोहाची फुलं खाणारं अस्वल. आज बोलायचंय ते त्याच्या दूरच्या भाऊबंदाबद्दल, हिमालयातल्या तपकिरी अस्वलाबद्दल.

अंगावर वाळल्या गवताच्या रंगाचे दाट केस, खांद्यावर उंचवटा, आणि बोटाएवढ्या लांब नख्या. एवढ्या नख्या कशाला? तर जमीन उकरायला. हे अस्वल तासन्‌तास कुरण उकरत बसतं, मुळं काढतं, मार्मोट नावाच्या गुबगुबीत, खारीच्या जातीच्या प्राण्याच्या बिळात पंजा घालून बघतं. पोटात जातं ते मात्र बरंचसं गवतच. चार हजार मीटरवरचा उन्हाळा तो केवढा! तेवढ्यात चरबी साठवायची आणि बर्फ पडलं की गुहेत शिरायचं.

म्हणूनच याचं सगळं सावकाश चालतं. मादी पहिल्यांदा विते ती साधारण आठव्या वर्षी. पिल्लं तीन-चार वर्षं आईच्या मागे. पुढचं वेत पाच-सहा वर्षांनी! आपल्या गोठ्यातल्या गाईशी ताडून बघा. अशी एक मादी मारली गेली, तर ती जागा भरून निघायला किती वर्षं लागत असतील?

पाकिस्तानच्या ताब्यातल्या बाल्टिस्तानात देवसाईचं पठार आहे. 1993 साली तिथं मोजून 19 अस्वलं उरली होती. त्याच वर्षी राष्ट्रीय उद्यान झालं, शिकारीला आळा बसला. 2006 मध्ये अस्वलं झाली 43. तेरा वर्षांत चोवीस! मला हा आकडा फार मोठा वाटतो.

आपल्या बाजूला लडाखमधलं द्रास, हिमाचलातलं कुगती, अशा मोजक्याच ठिकाणी ते उरलंय. कुगतीकडे उन्हाळ्यात गद्दी धनगर मेंढ्या घेऊन वर चढतात. त्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे असतात. अस्वलानं मेंढी नेली तर नुकसान त्या गरिबाचं होतं. त्याला भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे. नुसतं ‘मारू नका’ म्हणून भागायचं नाही.

आणि आपल्यासाठी एक. कारगिलचं युद्धस्मारक बघायला आपल्याकडची कितीतरी मंडळी द्रासला जातात. तुम्हीही जाल. उरलेल्या पोळ्या, फरसाणाच्या पुड्या तिथं टाकू नका. अस्वलाला वासावरून लांबचं अन्न कळतं, आणि एकदा उकिरड्याची चटक लागली की ते वस्तीपर्यंत येतं. पिशवीत बांधून सगळं परत आणा. एवढं कराल ना? नमस्कार.