अमळनेरच्या घरात सातशे लिटर समुद्र

(दृश्य: बोरी नदीचं पात्र. भर दुपार. मागे दूरवर रेल्वेची शिट्टी.)

मे महिना. अमळनेर. पारा ४४ च्या पुढे. बोरीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त. इथून समुद्र गाठायचा तर तापीचा काठ धरून थेट सुरतेच्या पुढे जावं लागतं.

माझ्या मामाने मात्र समुद्रच घरी आणायचं ठरवलं.

मामाचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. लहानपणी एकदा मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं, ते डोळ्यांतून गेलं नाही. गोड्या पाण्यातले मासे त्याने पुष्कळ पाळले. पण खाऱ्या पाण्याची तयार टाकी, तिचं फिल्टर, चिलर यांचे भाव ऐकल्यावर तो म्हणाला, "एवढ्यात तर दुसरं दुकान उभं राहील." मग पत्रे कापायची कात्री आणि सोल्युशनची डबी घेऊन तो कामाला बसला.

(दृश्य: काचेच्या कडेवरून सिलिकॉनची नळी सरकते आहे.)

टाकी सहा बाय दोन बाय दोन फूट. काच १२ मिलिमीटरची. काठोकाठ भरली तर ६८० लिटर. दगड-वाळू धरून वजन पाऊण टनाच्या वर, म्हणून ती तळमजल्यावरच. खाली अँगलचा स्टँड, त्यावर प्लायवूड, त्यावर थर्माकोल. स्टँडला दोन हात जास्तीचा रंग, कारण खारट शिंतोडे लोखंडाला सोडत नाहीत. आठवडाभर साधं पाणी भरून ठेवलं. तिसऱ्या दिवशी एका कोपऱ्यातून थेंब. पाणी उपसलं, सगळी कड खरवडली, पुन्हा सिलिकॉन. घरभर व्हिनेगरसारखा वास.

पाइपांची आपल्याकडे ददात नाही. जळगाव जिल्हा ठिबकवर वाढलेला. एल्बो, टी, व्हॉल्व्ह कुठल्याही शेतीच्या दुकानात. टाकीचं पाणी वरून ओसंडून खालच्या छोट्या टाकीत उतरतं, तिथे गाळलं जातं, मोटार ते पुन्हा वर फेकते. अट एकच: पितळ, तांबं कुठेही नको. तांब्याचा अंशसुद्धा कोळंबी-शंखांचा जीव घेतो. कूलरमधला पितळी फ्लोट मामाने याच कारणासाठी परत केला आणि प्लास्टिकचा आणला.

सगळ्यात लाडकं यंत्र मात्र स्किमर. चार इंची पाइप उभा, तळाशी बुडबुडे सोडणारा लाकडी एअरस्टोन, वर लोणच्याची प्लास्टिकची बरणी उपडी बसवलेली. बारीक बुडबुड्यांना घाण चिकटते आणि फेस होऊन बरणीत चढते. गोड्या पाण्यात हा खेळ जमत नाही, खाऱ्यात बुडबुडे बारीक राहतात म्हणून जमतो. गुऱ्हाळावर काहिलीतली मळी काढताना ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

दगडांचं काय? प्रवाळ आणू नये आणि विकतही घेऊ नये. दगडी प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. मामाने सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ कालवून दगड ओतले. मीठ विरघळतं, भोकं उरतात, त्या भोकांत जिवाणू घर करतात. पण ताजं सिमेंट चुना सोडतं, म्हणून दोन महिने पाणी बदलत भिजवावे लागले.

(दृश्य: बादल्यांची रांग. आजी उंबऱ्यात बसलेली.)

आता पाणी. नळाला रोज पाणी येत नाही अशा गावात सातशे लिटर! मला स्वतःला हे खटकलं, आजही थोडं खटकतं. बोअरचं पाणी जड, त्यात शेतातल्या खताचे नायट्रेट, म्हणून आरओ. त्याचं फेकायचं पाणी आजीने फरशी आणि भांड्यांना लावलं. आणि मीठ? स्वयंपाकातलं चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असं बरंच काही असतं, त्यासाठी खास मीठ मिळतं. लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे जवळपास २५ किलो.

आजी म्हणाली, "मीठना पानीमा मासा जगस का रे?"

मासा अजून यायचाच होता. आधी घाण पचवणारे जिवाणू वाढावेत म्हणून जाळीत कोळंबीचा तुकडा टाकून ठेवला. तो कुजला, अमोनिया झाला, जिवाणूंनी त्याचं नायट्राइट केलं, मग नायट्रेट. सहा आठवडे रिकाम्या टाकीकडे पाहत बसणं हे या छंदातलं सर्वांत अवघड काम.

आणि नेमका त्यात मे आला.

पाणी ३२ अंशांवर. हवं २६ च्या आसपास. मामाने जुन्या कॉम्प्युटरचे चार पंखे पाण्यावर वारा मारत बसवले. कूलरचीच अक्कल: एक लिटर पाणी वाफ होताना सातशे लिटरला पाऊण अंशाने थंड करू शकतं. खान्देशच्या कोरड्या हवेत हे झकास चालतं. समुद्राकाठच्या दमट मुंबईत त्याची निम्मी गंमत जाते. ज्या उन्हाने घाबरवलं, त्यानेच टाकी वाचवली.

पण चूक झालीच. रोज आठ-दहा लिटर उडत होतं, आणि मामा तेवढं खारं पाणी ओतत होता. दहा दिवसांत पाण्याची घनता, म्हणजे खारेपणाचं माप, १.०२५ वरून १.०२८ वर. पाणी उडतं, मीठ उडत नाही, हे मीठ घालून मिरच्या वाळवणाऱ्या घरात लक्षात यायला हवं होतं! थोडं खारं काढून गोडं घातलं. तेव्हापासून तो प्लास्टिकचा फ्लोट आरओच्या ड्रमला जोडलेला आहे आणि खालच्या टाकीत फक्त गोडं पाणी सोडतो.

पहिल्या पावसानंतर खरी परीक्षा. हवा दमट, पंखे फिरतात पण पाणी २९ च्या खाली येईना. फ्रीजमधल्या गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ सोडल्या. लाइट गेली की इन्व्हर्टरवर फक्त एअरपंप.

(दृश्य: पिशवी पाण्यावर तरंगते आहे. दिवा मंद.)

पोळ्याच्या आठवड्यात दोन क्लाउनफिश आले, टाकीतच जन्मलेले. समुद्र त्यांनीही पाहिलेला नाही. तासभर पिशवीत तरंगवून, थेंब थेंब पाणी मिसळून सोडले. दोघं थेट सिमेंटच्या दगडामागे.

आजीने खुर्ची टाकीसमोर ओढली आणि चष्मा पुसला.